मेहुण्यांनी पेरलेला केर

आमचे मेहुणे, म्हणजे सौभाग्यवतींचे धाकटे बंधू, सार्वजनिक बागेचे मुख्य माळी होते. तण हा त्यांचा जन्मजात वैरी. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी चहा येईपर्यंत यजमानांच्या कुंड्या निंदून होत. निवृत्त होताना एकही काडी वावगी नसलेली बाग साहेबांच्या स्वाधीन करावी, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती.

तिला पंपघरामागे ग्रहण लागले. तेथील रानटी झुडपांवर एका संशोधक बाईंना राखी रंगाचा, नखाएवढा पतंग आढळला. दिव्यावर झेपावणाऱ्या कीटकांपैकीच एक. परंतु हा नामशेष होण्याच्या वाटेवर होता. त्याच्या अळ्या ते एकच तण खात.

"मग एवढे कमी कसे झाले?" मेहुण्यांनी विचारले.

"लोक तण उपटतात, औषध फवारतात, रात्रभर दिवे जाळतात."

"म्हणजे थोडक्यात, मी."

मेहुण्यांनी फवारणी थांबवली, त्या कोपऱ्यातला दिवा मालवला. उपटणेही सोडले, मात्र हात शिवशिवत. अखेर त्यांनी झुडपांखालचा पाला तेवढा झाडून खताच्या खड्ड्याशी नेला आणि भोवती चुना लावलेल्या विटा ओळीने मांडल्या. बाई आल्या आणि मटकन खाली बसल्या.

"दादा, कोश त्या पाल्यात होते हो!"

तो सबंध दिवस मेहुणे खड्ड्याशी बसून तांदूळ निवडावेत तसा पाला निवडत होते आणि सापडलेला प्रत्येक कोश केरासकट पुन्हा झुडपांखाली पसरत होते. डबा घेऊन गेलेल्या सौभाग्यवतींना राहवले नाही.

"जन्मभर केर काढलास, आता पेरतोस होय रे?"

"ताई, पाय जपून टाक. लाखमोलाच्या केरावर उभी आहेस."

निरोपाच्या संध्याकाळी साहेबांनी बाग पाहिली. "सगळं झकास. फक्त मागचा तो उकिरडा तेवढा..."

मेहुण्यांचा चेहरा पडला. खराट्याचे दोन फटकारे पुरले असते. पण ते जागचे हलले नाहीत. इतक्यात त्या उकिरड्यातूनच एक राखी पतंग उडाला आणि थेट साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर बसला. साहेबांनी चापट उगारली. मेहुण्यांनी तो हात वरच्यावर धरला आणि पतंग उडून जाईपर्यंत सोडला नाही.

नेमका त्याच क्षणी फोटो निघाला. तो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. मेहुण्यांनी साहेबांचा हात घट्ट धरला आहे आणि डोळे पाण्याने भरले आहेत. येणारेजाणारे म्हणतात, "केवढा जीव होता हो साहेबांवर!"

"होता ना," सौभाग्यवती सांगतात. "बाहीवर बसला होता."