अर्ज मी लिहिला होता

"काही नाही साहेब, आमच्या ऑफिसात चहापाणी बघते."

लातूरच्या भरल्या कोर्टात आमचे वकीलसाहेब माझ्याबद्दल असं बोलले. हसत बोलले. मागच्या बाकावरचे दोन ज्युनियरही हसले. मी केसच्या फायली छातीशी धरून दाराजवळ उभी होते.

झालं होतं इतकंच. चाकूरकडच्या एका बाईची पोटगीची केस होती. न्यायाधीशांनी विचारलं, नवऱ्यानं पैसे देणं कधीपासून बंद केलं? साहेब पानं उलटायला लागले. पुढून मागं, मागून पुढं. सापडणार कसं? अर्ज त्यांनी वाचलाच नव्हता. तो मी लिहिला होता. त्या बाईला दोन दुपारी समोर बसवून, तिच्या रडण्या-बोलण्यातून तारखा काढून लिहिला होता. नऊ वर्षं हेच करून राहिले होते. मसुदा माझा, सही साहेबांची. बाई माझ्याकडं बघायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पान चार, परिच्छेद सहा." न्यायाधीशांनी मान वर केली. या कोण, म्हणून विचारलं. त्यावर साहेबांचं ते उत्तर.

कारकुनानं कोर्टात तोंड उघडायचं नसतं, कबूल. रागवले असते तर ऐकून घेतलं असतं. पण नऊ वर्षांची माझी अक्कल त्यांनी कपबशा विसळण्यात जमा केली. लई लागलं मला ते.

जेवणाच्या सुट्टीत साहेब मऊ झाले. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. नांदेडला पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचा कोर्स आहे, तो कर. अर्धी फी मी देतो. नाहीतरी तुमच्या लोकांना माफच असंल." अट एकच, नंतर पाच वर्षं त्यांच्याकडंच राहायचं, आहे त्या पगारावर.

तुमच्या लोकांना म्हणजे आम्हा बौद्धांना. माझी सवलत साहेबांना पाठ होती, माझा मसुदा नव्हता. आणि फी कुणालाच माफ नव्हती, ते मी नंतर विचारून आले.

तरी खोटं कशाला बोलू, मोह झाला. आठ दिवस डोक्यात तेच सर्टिफिकेट. आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते. तिला कोर्टातलं सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "कागद मिळतोय ना? मग घे. कुणी चहावाली तर न्हाई म्हणणार."

उरलेली अर्धी फी म्हणजे माझे दोन पगार. वर सहा महिने दर रविवारी एसटीनं नांदेड, जाऊन-येऊन अख्खा दिवस. तेही केलं असतं. पण हाती काय लागणार हे तरी विचारावं, म्हणून एका शनिवारी रजा टाकून गेले.

खिडकीवरच्या बाई भल्या होत्या. मी विचारलं, हे केल्यावर कोर्टात उभं राहता येतं का? नाही म्हणाल्या. वकीलपत्रावर सही करता येते? तेही नाही. मग नोकरी? पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत लागते म्हणे, पण इंग्रजी फाडफाड पाहिजे. इकडचे वकील सर्टिफिकेट बघून पगार वाढवत नाहीत. मग त्यांनी विचारलं, तुम्ही सध्या काय करता? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

"ताई, हे तर तुम्ही आत्ताच करताय. परत शिकून काय करणार?"

परतीच्या एसटीत डोकं तापलं. साहेबांचा राग आला, त्याहून जास्त माझा मला आला. ज्याला हे काम येत नाही त्यानं कोर्स जरूर करावा. मला काम येत होतं, हक्क नव्हता. आणि साहेब हक्काच्या जागी मला कागद देऊन राहिले होते, वर पाच वर्षं बांधून घेऊन. बी.ए. कधीचं झालेलं माझं. वकिलीला बसता येतं हे नऊ वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. त्यांच्या टेबलाच्या कडेला जागा मिळाली यातच खूश होते मी, मूर्खासारखी.

सोमवारी सांगून टाकलं की कोर्स करत नाही, वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरते आणि इथलं काम सोडते. साहेब आधी हसले. मी हसत नाही बघून म्हणाले, तीन वर्षं खाणार काय? म्हणलं, झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. मग त्यांना घाई झाली. उद्याचे दोन अर्ज तेवढे लिहून जा, म्हणाले.

"सही तुमची आहे ना साहेब? मग तुम्हीच लिहा."

परीक्षा अजून व्हायची आहे. नापास झाले तर परत बसेन. आई चिडलीय, हातचं घालवलंस म्हणते. तिचंही चुकत नाही, दर महिन्याला घरात येणारा पैसा तेवढाच होता. पण ठरलं ते ठरलं. पोटासाठी लोकांनी लिहिलेलं टाईप करीन. माझ्या डोक्यातली एक ओळसुद्धा आता दुसऱ्याच्या सहीखाली जाणार नाही.