टाकी रिकामी, तरी तवंग

"मॅडम, तेल परत इला," शेवंतीकाकी म्हणाल्या. "काल काढलात मां तुमी?"

काढलं होतं. पेडण्याजवळच्या खाडीत एक लाकडी ट्रॉलर कित्येक वर्षं कलंडून पडला होता. मालकाने तो सोडूनच दिला होता. तो हलवण्याचं काम आमच्या कंपनीकडे आलं. हलवताना खाडीत घाण जाऊ नये, हे बघणं माझं काम. ट्रॉलरच्या खालच्या अंगाला खडकावर कालवांची रांग होती. शेवंतीकाकी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिथे उतरून कोयत्याने कालवं सोडवायच्या आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकायच्या.

इंधनाची टाकी आम्ही पंपाने उपसली, आतून पुसलीही. तरी दुसऱ्या दिवशी सुकतीला काठाच्या चिखलावर इंद्रधनुषी तवंग. मी वाकून वास घेतला. डिझेलचा वास नाही. काठी घातली, तर तवंग पापुद्र्यासारखा फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले. तेल असतं तर फाटलेली जागा पुन्हा मिळून आली असती. आपल्या तांबड्या मातीत लोखंड भरपूर. झऱ्याच्या पाण्यातून ते बाहेर आलं, की त्यावर वाढणारे जिवाणू असा पापुद्रा धरतात. दिसायला हुबेहूब तेल.

मी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरना, सावंतसाहेबांना, फोन केला.

"तेल नाही, सर. मातीतलं लोखंड आहे."

"मग उद्याच्या भरतीला ओढूया. टगबोट येतेय."

मी फोन ठेवला. काकी ऐकत होत्या. त्यांनी टोपलीतलं एक कालव फोडून माझ्या नाकाशी धरलं.

"मगे माझ्या कालवांक डिझेलचो वास कित्याक येता?"

वास खरंच येत होता. मी गोंधळले. तवंग दिसत होता तिथे तेल नव्हतं, आणि तेलाचा वास होता तिथे पाणी स्वच्छ. टाकीत काही नाही, पाइप कोरडे, इंजिन तर कधीच कोणी काढून नेलेलं. काठावर एखादा गॅरेजवाला तेल ओततोय का, तेही बघून आले. आसपास माड आणि कुंपणं, दुसरं काही नाही.

"वास कधीपासून येतो, काकी?"

"पयलीपासून थोडो थोडो. तुमी होडी हलवन बघलात, तेवापासून जास्त."

आदल्या दिवशी अंदाज घ्यायला आम्ही साखळी लावून ट्रॉलर जरासा ओढून पाहिला होता. म्हणजे तेल त्याच्यातच होतं. पण कुठे?

भरती चढू लागली तशी मी लाइफ जॅकेट घालून इंजिनच्या जागेजवळ जाऊन बसले. दोन खलाशी बाहेर होडीत थांबले. तळाच्या फळ्यांमध्ये एक फट होती, तिच्यातून पाणी आत येऊ लागलं. आत हातभर चिखल साचलेला. पाणी त्यावर चढलं आणि चिखलातून काळे थेंब सुटून वर आले. जुनं इंजिन ऑइल आणि डिझेल, वर्षानुवर्षं मुरलेलं. पाणी आणखी चढलं आणि एका तुटक्या फळीतून त्यांचा तवंग बाहेर पडून थेट कालवांच्या दिशेने निघाला. काठीने फाडला, लगेच मिळून आला. सुकतीला हेच तेल चिखलात दडून बसायचं, आणि आम्ही तपासणी करायचो ती सुकतीलाच.

"बूम लावून ओढू," मी पुन्हा फोन केल्यावर सावंतसाहेब म्हणाले. बूम म्हणजे तेल अडवायला पाण्यावर टाकतात ती तरंगती पट्टी.

"उभ्या पाण्यात अडवेल, सर. ओढताना ट्रॉलर कलला की सगळा चिखल एकदम बाहेर येणार. त्या ओढीला बूम टिकणार नाही."

"एवढी मोठी भरती परत पंधरवड्याने येणार, नीता. ऑफिसला काय सांगू?"

"मी सांगते. पण उद्या ओढायच्या परवानगीवर सही करणार नाही."

चिखल काढायला किती दिवस लागतील, ते त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "टग थांबवतो. चिखल काढा."

ट्रॉलरभोवती बूम लावला. भरतीला आत तरंगणारं तेल शोषक कापडाने टिपायचं, सुकतीला चिखल फावड्याने ड्रमात भरायचा. कपड्यांचा वास धुऊन जाईना. त्या दिवसांत काकींनी कालवं काढली नाहीत, बाजारात ओल्या मिरच्या विकल्या. माझ्याशी मात्र त्या बोलेनाशा झाल्या. होडी हलवायच्या आधी त्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यात मीही आले.

पुढच्या मोठ्या भरतीला हवेच्या पिशव्या बांधून ट्रॉलर उचलला, टगने धक्क्यावर नेला आणि जमिनीवरच तोडला. मागे पाण्यावर काही राहिलं नाही. ट्रॉलरला लागून असलेली कालवं मेली. पलीकडची वाचली. वास जायला बराच काळ लागला, मग काकी पुन्हा पाण्यात उतरल्या.

आता 'टाकी रिकामी' एवढं लिहून मी रिपोर्ट संपवत नाही. पडलेली होडी मी भरतीत एकदा आणि सुकतीत एकदा बघते, आणि त्या पाण्यावर कोणाची चूल पेटते ते आधी विचारून येते.