सवच्या कुंडात बुडवलेला रुपया

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते. आणि हसणार असाल तर तोंडाला पदर लावून हसा, पलीकडे ह्यांची बैठक बसली आहे. माझ्या हातून जे घडलं ते देवाचं नाव घेऊन घडलं, म्हणून तर जास्तच लाज वाटते!

आमच्या ह्यांना जुन्या चांदीच्या रुपयांचा नाद. दिवसभर महाडच्या कचेरीत कारकुनी करायची, आणि घरी आलं की भिंग घेऊन बसायचं. मागच्या वर्षी एक नाणं मोठ्या हौसेने घेतलं, ते शिशाचं निघालं. कचेरीत लोक महिनाभर हसत होते. हे बिचारे जेवतानाही मान वर करेनात.

म्हणून ह्या वेळी बायजाचा रुपया घरात आला तेव्हा ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त धास्ती. बायजा उमरठची, लेकीच्या बाळंतपणाला महाडात आलेली. रुपया तिच्या सासूच्या वेळचा, त्यावर अंकुशाची खूण. असे फार थोडे उरलेत म्हणे. तिने तो ह्यांना दिला आणि बदल्यात आमची नवी पितळी घागर नेली. रविवारी मुंबईचे एक जाणकार गृहस्थ तो पारखायला येणार होते.

मी गणपतीला बोलले, "रुपया खरा निघू दे, अकरा संकष्ट्या निर्जळी करीन." एवढ्यावर थांबले असते तर! पण शनिवारी शेजारणींबरोबर नदीपलीकडे सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर स्नानाला निघाले, आणि मनात आलं, तीर्थाचं पाणी लागलं तर खोटा रुपयासुद्धा शरमेने खरा होईल. ह्यांना न सांगता तो पदराच्या गाठीला बांधला आणि बसले होडीत.

चांगली घटकाभर पाण्यात बसले. वर येऊन गाठ सोडते तर काय? रुपया काजळासारखा काळाकुट्ट!

"खोटा गं बाई, खोटा!" मी तिथेच बसकण मारली. तेवढ्यात लक्ष गेलं पायांकडे. माझी जोडवी! त्याच पाण्यात, तेवढाच वेळ बुडलेली, आणि कशी लख्ख! दिवाळीत फेरीवाल्याकडून मी स्वतः पारखून घेतली होती हो. तो म्हणालाच होता, "बाई, ही जोडवी कधी काळी पडायची नाहीत."

आता सांगा, देवाने याहून स्पष्ट कौल तो काय द्यायचा?

घरी न जाता मी थेट बायजाच्या लेकीकडे गेले. बायजा अंगणात नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती.

"बायजा, हा घे तुझा रुपया. माझी घागर दे."

"का गो वयनी? काय झालं?"

"वर मलाच विचारतेस? सवच्या कुंडात काळा ठिक्कर पडला! आणि ही बघ माझी जोडवी, त्याच पाण्यातली. ह्याला म्हणतात चांदी!"

बायजाने माझ्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली मान घालून पोराच्या डोक्यावर पाणी ओतत म्हणाली, "ने गो बाय घागर. जोडवी मातर जप हां. अशी आमच्याकडं नाय मिळायची."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

घागर कमरेवर घेऊन मी विजयाने घरात शिरले. "अहो, वाचवलं तुम्हाला! उद्या पाहुण्यांसमोर मान खाली गेली असती!"

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी पांढरे पडले, मग लाल झाले.

"अगं, त्या पाण्यात गंधक आहे! गंधकाने चांदी काळी पडते! काळा पडला म्हणजे अस्सल होता तो... आणि तू परत देऊन आलीस?"

हे वहाणा न घालताच धावले. मागून मी, कमरेवर घागर!

बायजा दारातच बसली होती, जशी काही आमची वाट बघत.

"बायजाबाई, तो रुपया..."

"नाय बा दादा! खोटा हाय तो. वयनीनंच सांगितलान. खोटी वस्तू देऊन मी पाप कशाला घेऊ डोक्यावर?"

शेवटी घागर गेली, वर माझ्या माहेरचा तांब्या गेला, आणि मी हात जोडून तीनदा "खरा आहे गं बाई, खरा आहे" म्हटलं, तेव्हा कुठे रुपया हाती आला.

रविवारी पाहुण्यांनी तो तोलला, फरशीवर वाजवला, अक्षरं लावली. अस्सल! आणि दुर्मीळसुद्धा! ह्यांची मान वर्षाने ताठ झालेली पाहिली आणि माझे डोळे भरून आले.

"पण इतका काळा कसा हो?" पाहुण्यांनी विचारलं. ह्यांनी कुंडाची हकीकत सांगितली. पाहुणे पोट धरून हसले. चहा देता देता मीही हसले.

आणि मध्येच माझं हसू थांबलं. गंधकाने चांदी काळी पडते...

मी हळूच दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले.

संकष्ट्या चालू आहेत, त्या आनंदाने करते. बायजा बाजारात भेटली की लांबूनच हाक मारते, "वयनी, जोडवी काळी पडली का गो?"

फेरीवाल्याला मात्र मी नावं ठेवत नाही हो. कधी काळी पडायची नाहीत म्हणाला होता, शब्दाला जागला!