कणकेनं लिंपलेलं झाकण

सफरचंदाला आमच्याकडे सेब म्हणत. वर्ध्याजवळच्या आंजी गावाच्या पुढचं माझं सासर. तिथे कुणाच्या घरी सेब आले की शेजारीण दारातूनच विचारायची, "कोण बिमार हाय वो?" ते आजाऱ्याचंच फळ. धडधाकट माणसानं सेब खाल्ला तर तो कुणाच्या तरी तोंडचा काढून खाल्ला, असंच समजलं जाई.

१९७८ च्या हिवाळ्यात आमच्या घरी सेब आले ते मामाजींसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. मुदतीचा ताप उतरला होता, पण अन्न जात नव्हतं. पेज, मुगाचं कढण, वरणाचं पाणी, काहीही दिलं तरी एक चमचा घेत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, "सेब अगदी लोण्यासारखे मऊ शिजवून, गाळून देऊन बघा. पोटात काही गेलंच नाही, तर मी शब्द देणार नाही."

माझं लग्न झालं तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दोन्ही घरांत मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. "पोरगी शिकून राह्यली, तर शिकू द्या," एवढंच मामाजी सगळ्यांदेखत बोलले आणि माझं कॉलेज सुटलं नाही. निकालाचा कागद त्यांना वाचता येत नव्हता, तरी टोपीत घडी करून दोन दिवस गावभर हिंडले. त्या माणसाला मला वाटीभर सेब खाऊ घालता येऊ नये, याची मला फार लाज वाटत होती.

चूल पऱ्हाटीवर चालायची. कापसाच्या वाळक्या झाडांचा जाळ भडकतो आणि बघता बघता बसतो. मंद आच त्याला माहीतच नाही. दोनदा सेब तळाला लागले. जळका वास येताच मामाजींना ओकारी आली. मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, वाटीत डोकावून म्हणाल्या, "चार सेब टाकले होते न? मंग एवढंसंच काऊन निघालं?"

"आटलं, मामीजी."

"आटलं का कोणी चाखलं?"

त्या दिवसापासून त्या सेबांची टोपली खाटेखाली, स्वतःच्या नजरेसमोर ठेवू लागल्या.

मला कॉलेजच्या वसतिगृहातली पेटी आठवली. आमच्या बाई भाताला उकळी आली की पातेलं कापूस भरलेल्या लाकडी पेटीत ठेवून देत. आतल्या उबेवर ते हळूहळू शिजे. बाईंचा नियम एकच होता, मधे उघडायचं नाही. मी फळवाल्याकडून सेबांचंच रिकामं खोकं आणलं. जुन्या गादीचा कापूस पिंजून त्यात दाबून भरला, मधे गंजापुरती, म्हणजे पातेल्यापुरती, जागा ठेवली. सेबांच्या फोडी कल्हईच्या पितळी गंजात खळखळ उकळल्या, झाकण ठेवलं, गंज कापसात बसवला आणि वरून गोधडी घातली.

मामीजी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "बिमार माणसाचं खाणं कापसात ठेवून राह्यली? माणसाले कापूस कवा लागते, मालूम हाय न तुले?"

प्रेताच्या नाकात घालतात तो कापूस मला सुचलाच नव्हता. पण ऐकून घेतलं आणि खोकं कोपऱ्यात सरकवलं.

संध्याकाळी गंज काढला तर कोमट. फोडी करकरीत.

"पाह्यलं? बिनजाळाचं कधी शिजते का? कालेजात हेच शिकवलं का तुले?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता माझ्या मनात पाल चुकचुकली. तिसऱ्या दिवशी मी गोधडीच्या घडीत कडुलिंबाचं एक पान ठेवलं, देठ भिंतीकडे करून. शेणपाणी आटोपून आले तर पानाचा देठ दाराकडे होता. खोकं कुणीतरी उघडत होतं. हे दिवसभर शेतावर; घरात आजारी माणूस सोडला तर आम्ही दोघीच. माझं खरं ठरू नये म्हणून स्वतःच्या नवऱ्याच्या जेवणाशी कुणी खेळेल? असं मनात आणल्याबद्दल मला माझीच चीड आली, पण संशय काही जाईना.

बोलायची हिंमत नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी फोडी उकळत असताना "मधे उघडलं की ऊब जाते," एवढंच मी भिंतीकडे बघून म्हणाले.

"म्हणजे मी उघडते?"

"मी तसं म्हटलं नाई."

"मनात तर म्हटलं न!" त्या ताडकन उठल्या. "तू आत काय टाकतं, किती खातं, मले काय मालूम? आता थांब."

त्यांनी परातीतून कणकेचा गोळा घेतला, उकळत्या गंजाच्या झाकणाभोवती वळकटी लिंपली आणि हातातली पाटली तिच्यावर चार ठिकाणी दाबली. पाटलीची नक्षी कणकेत उमटली. "आता कोणी उघडलं तर दिसन."

मग आम्ही दोघी दिवसभर एकमेकींवर नजर ठेवून होतो. मी विहिरीवर गेले तर त्या मागोमाग दारात. त्या खोलीत गेल्या तर मी ज्वारी निवडायला तिथेच. खोक्याला कुणी बोट लावलं नाही.

दिवे लागायच्या आधी मामीजींनी स्वतः गंज बाहेर काढला. कणीक वाळून कडक झाली होती, नक्षी चारही ठिकाणी शाबूत. त्यांनी ती विळ्याच्या टोकानं फोडली आणि गोडसर वाफ खोलीभर पसरली. फोडी पळीनं दाबताच विरघळल्या. मी पुरणाच्या चाळणीतून गाळून साखर घातली. मामीजींनी आधी बोटभर स्वतःच्या जिभेवर घेतलं, थोडा वेळ थांबल्या, मग वाटी घेऊन खाटेजवळ बसल्या.

मामाजींनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला. भिंतीकडे वळले नाहीत. वाटी संपल्यावर म्हणाले, "अजून हाय का?"

मामीजींनी पदर तोंडाला लावला. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

पुढे पंधरा दिवस रोज खोकं भरलं आणि रोज त्यांनी पाटली उमटवली. एका दिवसाचीही सूट मला मिळाली नाही. आणि खरं सांगायचं तर मीही पान ठेवायचं सोडलं नव्हतं.

मामाजी भिंतीला धरून चालू लागले, तेव्हा एकदा स्वयंपाकघरात आले. कणीक लिंपलेला गंज पाहून म्हणाले, "हे काऊन? याले कुलूप कोणी लावलं?"

मामीजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या.

"उंदरं लई झाले," त्या म्हणाल्या.

"हो, मामाजी," मी म्हणाले, "दोन हायेत. मोठमोठे."

मामीजींनी परात माझ्याकडे सरकवली. "कणीक मळ," त्या म्हणाल्या, "अन् घट्ट मळजो."

पाटली मात्र त्यांनीच दाबली.