कोंबड्याहून पीस जड

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भातकापणी उरकल्यानंतरच्या एका रविवारी, उत्रोली मुक्कामी, माझ्या थोरल्या बहिणीच्या पडवीत, आत मटण रटरटत असताना, जगातल्या बॉक्सिंगच्या यच्चयावत वजनी गटांची सुनावणी घेण्यात आली. प्रश्न एकच होता : सगळ्यात रंगतदार गट कोणता? न्यायाधीश तीन होते. तिघांपैकी एकानेही बॉक्सिंगचा हातमोजा कधी हातात धरलेला नव्हता. मी त्यातलाच एक. माझ्या नावावर शाळेत ठोसा खाल्ल्याची नोंद आहे, मारल्याची नाही.

सुनावणी भरली त्याला कारण मात्र खरं होतं. माझी भाची भोरला कॉलेजात शिकते आणि बॉक्सिंग खेळते. गेल्या वर्षी ती अठ्ठेचाळीस किलोच्या गटात उतरली आणि पहिल्याच लढतीत हरली. यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पुन्हा नाव द्यायचं होतं. तिच्या सरांनी बजावलं होतं, की अठ्ठेचाळीस का एक्कावन्न ते घरी बोलून ठरव, मी संध्याकाळी फोन करतो. एकदा नाव पाठवलं की बदलता येणार नाही. पोरीने हे सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. मी नेमका तेव्हाच भोरहून गाडी मारत पोचलो होतो. "घरी बोलून" हे दोन शब्द तिने गाळले असते तर पुढचं काही घडलं नसतं. आमच्या घरात बोलायला सांगावं लागत नाही, थांबायला सांगावं लागतं.

पहिला शब्द आबांचा. आबा म्हणजे माझ्या दाजींचे वडील, पोरीचे आजोबा. भोर-वेल्ह्याच्या कितीतरी गावांच्या जत्रांत त्यांनी कुस्तीच्या आखाड्यात पंच म्हणून काम केलेलं आहे. जत्रेतल्या पंचाचं मोठं काम निकाल देण्याचं नसतं, जोड लावण्याचं असतं. कुणाची कुस्ती कुणाशी हे तो ठरवतो, आणि नुसतं बघून ठरवतो. पोरं लंगोट लावून पुढे येतात. पंच एकाचा दंड दाबून बघतो, दुसऱ्याची मान बघतो, दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो, झाली जोड. काटा नाही, किलो नाही. दोन-चार किलो इकडचे तिकडे झाले तर फार तर हरलेल्याचा चुलता थोडी बडबड करतो.

त्यामुळे हा प्रश्न वजनाचा आहे असं आबांना वाटलंच नाही. जत्रेत लहान कुस्त्या आधी लागतात आणि मोठ्या शेवटी, तसं नात कुठल्या वेळेला उतरायचं ते विचारतेय, अशी त्यांची समजूत झाली.

"तीन किलोचा तर फरक," आबा म्हणाले. "त्यात काय इचार करायचा? जिथं मज्जा हाय तिथं उतरायचं. आता मज्जा कुठल्या गटात हाय, ते बगू."

"आबा, तिथं सकाळी काट्यावर उभं करतात," पोरगी म्हणाली. "जरा जास्त भरलं तरी बाहेर काढतात."

"पंच हाय का किराणा दुकानदार?"

यावर दाजी हसले, मी हसलो, आणि पोरीने आपला कप उचलून आत नेला. तिथून पुढे तिला कुणी काही विचारलं नाही. ज्याचं लग्न त्याला सोडून मांडव भांडत होता.

दाजी भात पिकवतात आणि त्यांचा टेम्पोही आहे. त्यांचा कौल हेवीवेटला. ते म्हणाले, "पाव्हणं, किकवीला हायवेवर दोन सायकली धडकल्या तर कोण थांबतं का बघायला? दोन ट्रक धडकले की सगळी गर्दी. तसंच हे."

आबांना हे अजिबात पटलं नाही. "जड पैलवानांची कुस्ती म्या लई बगितली. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडत्यात आन् उन्हात म्हशी उभ्या राहाव्यात तशे उभे राहत्यात. लोकं चहा पिऊन येत्यात तरी तितंच. हलकी पोरं बगावीत. पापणी पडंपर्यंत कुस्ती संपलेली असती."

मी सरकारी कचेरीत बरीच वर्षं काढली असल्यामुळे कुठलाही वाद मधोमध तोडायची सवय आहे. मी मधल्या गटाची बाजू घेतली. मधल्या गटात वेगही असतो आणि जोरही असतो, असं मी अशा थाटात सांगितलं की जणू रोज सकाळी मी त्यांनाच शिकवून कामावर जातो. दाजींनी विचारलं, मधला म्हणजे किती किलो? मी म्हणालो, मधला. ते म्हणाले, आकडा सांगा. मी पाणी मागितलं.

मग मोबाईल निघाला. दाजींनी तो खुर्चीवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही तिघं चटईवर बसून परदेशातल्या लढती बघू लागलो. इथून पुढे आमची जी अवस्था झाली तिला दुसरा शब्द नाही : डोकं चालेना. कारण तिकडे किलोऐवजी गटांना नावं असतात, आणि मला जरा इंग्रजी येतं म्हणून त्यांचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"सगळ्यात हलक्यातली ही माशी," मी सांगितलं. "त्याच्या वर कोंबडा, ठेंगणा. त्याच्या वर पीस."

"कसलं पीस?"

"पक्ष्याचं. पिसासारखा हलका, म्हणून."

आबांनी चष्मा काढला. "म्हंजे कोंबड्याच्या वर पीस."

"व्हय."

"कोंबड्याहून पीस जड."

"तसं दिसतंय खरं."

"मग उरलेला कोंबडा कुठं गेला?"

याचं उत्तर मला आजही माहीत नाही. पुढे एक गट लागला त्याचं नाव 'हलका-जड' असं होतं. हलका आहे की जड आहे यावर दाजी आणि आबांची अर्धा तास जुंपली. आणखी एका गटाच्या नावाचा अर्थ मला लागेना, तेव्हा मी तो जर्मन शब्द असल्याचं ठोकून दिलं. पोरगी आतून जाताजाता म्हणाली, "मामा, आमच्यात नुसते किलो असतात. ही नावं नसतात." आम्ही तिला म्हणालो, तू जरा थांब, आमचं महत्त्वाचं चाललंय.

बघता बघता सगळे उलटे झाले. आबांनी एक जड लढत पाहिली. त्यात एका आडदांड माणसाने दुसऱ्याला असा ठोसा दिला की तो दोरावर लोंबकळत राहिला. आबा पुढे सरकले, पुन्हा लावा म्हणाले, तिसऱ्यांदा बघितली आणि हलक्यांना सोडून गेले. दाजींनी त्याच वेळी बायकांच्या माशी गटातली एक लढत पाहिली. त्यात दोघींचे हात दिसतच नव्हते, फक्त आवाज येत होता. दाजी म्हणाले, हेवी-बिवी काही खरं नाही. म्हणजे सकाळी आबा जे बोलत होते ते आता दाजी बोलत होते, दाजींचं आबा बोलत होते, आणि मी मधल्या गटाची बाजू दोघांनाही एकाच वेळी पटवून देत होतो, जरी मला ती केव्हाच पटेनाशी झाली होती. मध्येच आबा मला रागावून म्हणाले, "पाव्हणं, तुमी नेमके कुणाच्या बाजूनं हाय?" मी आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला.

जेवणं झाली. मटण ताईने असं केलं होतं की भाकरीला रस्सा लागताच बोलणं बंद पडावं, पण त्या दिवशी तेही घडलं नाही. पोरीच्या ताटात चतकोर भाकरी आणि काकडी होती. ताई तिला म्हणाली, "एवढ्यानं मांजराचं तरी भागंल का?" पोरगी म्हणाली, भूक नाही. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "हल्लीच्या पोरींचं हेच. बारीक व्हायचं वेड." मी हाडूक चोखत मान हलवली.

जेवल्यावर आबांना हुक्की आली. मोबाईलवरच्या माणसांचं जाऊ द्या, घरातल्या माणसांच्या जोडी लावून दाखवतो, मग कळेल गट म्हणजे काय ते, असं म्हणून त्यांनी आम्हाला पडवीत रांगेत उभं केलं. दाजींना शेजारच्या दाराशी उभ्या असलेल्या शेजाऱ्याबरोबर लावलं. तो शेजारी नुसता बैल बांधायला निघाला होता. मग माझा दंड दाबला, माझ्या पोटाकडे बराच वेळ आदराने बघितलं, आणि माझा हात धरून ताईच्या हातात दिला.

"ही जोड बरोबरीची," आबा म्हणाले.

ताईने हात झटकला. "आबा, मी याच्याएवढी दिसते?"

"जरा भारीच पडशील, पर गडी अनुभवी हाय."

दाजींनी फुकटचा सल्ला दिला, की पडवीत भाताच्या पोत्यांचा काटा आहेच, दोघांना चढवून बघू. ताई म्हणाली, "तुमी आदी चढा, मग सांजच्याला चहा मागा." काट्याचा विषय तिथेच मिटला. त्यामुळे आबांची जोड बरोबर होती की चूक, हे इतिहासाला कधीच कळणार नाही. माझी खात्री आहे की साफ चूक होती.

शेवटी आबांनी नातीला पुढे बोलावलं. तिचं मनगट धरलं. आमच्या वेळी दाबून लगेच सोडत होते, तिचं मात्र धरून राहिले. मग दंड बघितला. मला वाटलं, काहीतरी चेष्टा येणार. ते एवढंच म्हणाले, "हिची जोड हितं न्हाई," आणि जाऊन खाटेवर बसले. पण आबांना गप्प बसवणारी गोष्ट पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. थोड्याच वेळात दाजींनी पुन्हा मोबाईल तांब्याला टेकवला आणि सुनावणी सुरू झाली.

सांज झाली तोवर कसाबसा एक निकाल लागला. तो तीन मतांचा होता, म्हणजे तिघांचाही नव्हता, पण दमल्यामुळे सगळ्यांनी मान्य केला : हलका गट सगळ्यात रंगतदार, म्हणून पोरीने अठ्ठेचाळीसातच उतरावं. आपण एक मोठं काम उरकलं अशा समाधानात मी तंबाखूची डबी उघडली. तेवढ्यात सरांचा फोन आला.

दाजींनी फोन घेण्यासाठी हात पुढे केला. मीही केला, कारण निकाल नीट शब्दांत सांगायला कुणीतरी हवंच होतं. पोरीने तो दोघांच्या हातांमधून उचलला.

"सर, एक्कावन्न," ती म्हणाली. "हो, घरी बोलणं झालं." आणि फोन ठेवला.

मी डबी मिटली. निम्मा दिवस आम्ही राबलो होतो. ती सरळ आत गेली, पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, आणि दुपारच्या मटणाचं ताट भरून, वर दोन भाकरी ठेवून, बाहेर उंबऱ्याशी येऊन बसली. ताई दारात उभी राहून बघत होती. ती आत जाऊन तिसरी भाकरी घेऊन आली.

आबांना राहवेना. "अगं पर आमी एवढं बोललो, ते सगळं वाया? मागल्या वर्सी अठ्ठेचाळीसातच तर खेळली हुतीस. दोन-तीन किलोनं काय बिगडत हुतं?"

पोरीने घास गिळला. आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंडातून एकदम निघून गेलं :

"वजनात बसाया दोन दिवस पाणी पण प्याले नव्हते, आबा. मला समोर दोन पोरी दिसत हुत्या. कुठलीला मारायचं तेच कळंना."