शहाडच्या दुकानातले मुके फोन

शहाडच्या त्या दुकानाची तक्रार आजही आठवते, कारण तिच्यात चोरीला काहीच गेलं नव्हतं.

तेव्हा मी कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. हजेरी आटोपून केबिनमध्ये बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदार एका बाईंना समजावत होता, की फोन करून कोणी बोलत नसेल तर रिसीव्हर काढून ठेवावा. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा काढून ठेवता का?" मी त्यांना आत बोलावलं.

घरी आजारी असलेल्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. नवऱ्याच्या पश्चात त्या एकट्या तो सांभाळत. दुकानात एकच लँडलाइन, आणि तोच नंबर टेम्पोवर आणि प्रत्येक सिलिंडरवर रंगवलेला. सिलिंडर संपत आला की घरच्यांनी एक रिंग देऊन फोन ठेवायचा, मग बाई उलट फोन करायच्या आणि टेम्पो निघायचा. गिऱ्हाइकाला भुर्दंड नको म्हणून नवऱ्याने घालून दिलेली ही पद्धत होती.

आता अनोळखी नंबरांवरून दिवसभर एकेक रिंग येत होती. कोणाचा तरी श्वास अडला असेल या धास्तीने बाई प्रत्येक नंबरावर उलट फोन लावत. पलीकडे कोणी बोलत नसे. तेवढ्या वेळात खऱ्या गिऱ्हाइकाला लाइन व्यस्त मिळे. कल्याण पश्चिमेच्या एका चाळीतल्या आजोबांनी बराच वेळ प्रयत्न केला आणि शेवटी बायकोला रिक्षात घालून रुग्णालय गाठलं. आजी वाचल्या. पुढच्या वेळी कोणी वाचेल याची खात्री नव्हती.

घरातल्या सिलिंडरचा काटा खाली येताना बघणं काय असतं, हे मला तेव्हा ऐकूनच माहीत होतं. पुढे पत्नीच्या आजारपणात ते पाहिलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

बाईंचा संशय कोलशेतच्या एका पुरवठादारावर होता. तुटलेली गिऱ्हाइकं त्याच्याकडे जात होती, त्यामुळे मलाही तो पटला. आमच्या कामात तक्रारदारावरही अर्धा डोळा ठेवावा लागतो, तोही मी ठेवला होता. कॉलचे तपशील मागवले, तर सिमकार्डं खोट्या नावांची आणि वापरून फेकलेली निघाली. टॉवर डोंबिवलीच्या दाट वस्तीतला होता. कॉल चालू असल्याशिवाय नेमकं घर सापडणं अवघड होतं. म्हणून साध्या वेशातला एक हवालदार कोलशेतच्या दुकानासमोर बसवला.

काही दिवसांनी तो पुरवठादार स्वतःच माझ्यासमोर येऊन बसला. "साहेब, तुमचा माणूस समोरच्या टपरीवर चहा पिऊन पिऊन आजारी पडेल. त्याला बोलवून घ्या." मग त्याने आवाज खाली आणला. "माझ्यावर नजर ठेवायची तर ठेवा. पण फोन थांबवायला बाईंकडे कोण येतो, तेही बघा."

एवढं सांगून तो उठू लागला. मी बसवलं, तेव्हा बाकीचं सांगितलं. बाईंकडून आलेल्या गिऱ्हाइकांकडून त्याला तिथल्या मुक्या फोनांचं कळलं होतं. आदल्या वर्षी त्यालाही असेच फोन आले होते. मग टाय लावलेला एक सभ्य गृहस्थ आला आणि नको असलेले फोन अडवणारा एक डबा लावून गेला. तेव्हापासून हा दरमहा पैसे भरत होता. हे कुणाला सांगितलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कुणाला सांगू? मला वाटायचं, फोन बाईच करतायत."

तो गृहस्थ शहाडलाही येऊन गेला होता आणि बाईंनी त्याला परत पाठवलं होतं. मी त्यांना डबा लावून घ्यायला सांगितलं. डबा लागला, हिरवा दिवा पेटला, फोन थांबले. दुसऱ्या दिवशी आम्ही पंचांसमक्ष डबा काढून पोलीस ठाण्यात आणला आणि माझ्या कपाटात ठेवला. दुकानात तरीही शांतता होती. संध्याकाळी गृहस्थाने बाईंना फोन केला. डब्याने आज कितीतरी फोन अडवले, असं तो अभिमानाने सांगत होता. डबा माझ्या कपाटात गणवेशाच्या टोपीशेजारी पडला होता.

लबाडी कळली, पण फोन करणारं घर सापडायला हवं होतं. त्यासाठी बाईंनी त्या गृहस्थाची डब्याची सेवा बंद करायची आणि फोन पुन्हा सुरू होऊ द्यायचे, एवढाच मार्ग होता. त्यांनी साफ नकार दिला. "तुम्हाला पुरावा मिळेल साहेब, पण माझा पेशंट जाईल."

त्यांचं खरं होतं. मग मी सुचवलं, की तेवढे दिवस गिऱ्हाइकांना कोलशेतचा नंबर द्यावा. त्या पुरवठादारावरचा बाईंचा संशय गेला नव्हता, माझाही पुरता गेला नव्हता. नवऱ्याने उभा केलेला सगळा धंदा त्याच्या हातात द्यायचा होता. शेवटी त्या म्हणाल्या, "त्याला सांगा, चाळीतल्या आजींकडे जिना अरुंद आहे. लहान सिलिंडर न्यायचा."

डब्याची सेवा बंद करताच मुके फोन सुरू झाले. या वेळी आमचं तांत्रिक पथक तयार होतं. डोंबिवलीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटवर छापा घातला. आत आपोआप फोन लावणारं यंत्र होतं आणि सिमकार्डांचा ढीग. टायवाला तिथेच जेवत होता.

चौकशीत तो आधी तंत्रज्ञानावर बोलत राहिला. डबा हळूहळू शिकतो म्हणे. मी विचारलं, "कपाटात बसून काय शिकला?" त्यावर त्याने डब्याचं बोलणं सोडलं. नंतर जे म्हणाला ते कबुलीपेक्षा जास्त लक्षात राहिलं. "सर, मी कुणालाच धमकी दिली नाही. यांचा एकमेकांवरच संशय होता. मी फक्त फोन लावले."

जबाब नोंदवायला बाई आणि कोलशेतचा पुरवठादार आले, तेव्हा बाहेरच्या बाकावर मध्ये अंतर ठेवून बसले होते. बाईंनी सरळ विचारलं, "माझे पेशंट किती ठेवून घेतलेत?"

"एकही नाही. पण आजींकडे मीच जातो म्हणतो. तुमचा टेम्पोवाला जिना चढताना शिव्या घालतो, असं आजोबा सांगत होते."

बाईंना हसू आलं, पण घरी जाऊन त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून खात्री करून घेतली. त्यांनीच मला हे सांगितलं. मी त्यांना नावं ठेवली नाहीत. नोकरीभर मीही खात्री केल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवला नव्हता, आणि तेच शहाणपण समजत आलो होतो. पण तो गुन्हेगार नेमका त्याच शहाणपणावर जगत होता. बाईंनी खात्री नंतर केली. आपली गिऱ्हाइकं कोलशेतच्या पुरवठादाराच्या हवाली केली तेव्हा त्यांच्याकडे खात्री नव्हती. गुन्हा तिथे उघडकीला आला. फाइलमध्ये मात्र श्रेय आमच्या पथकाचं लिहिलेलं आहे.