पिवळ्या तोंडाची नात

माझ्या फोनमध्ये नातीचे शंभरावर फोटो आहेत. आंघोळीनंतरचे, जांभई देतानाचे, एक तर नुसत्या टाचेचा. आणि त्यातला एकही कुणाला पाठवायचा नाही. सुनेने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आई, हातातून दाखवा, पण हातातून सोडू नका." म्हणजे भेटेल त्याच्यापुढे फोन धरायची मुभा, पण पाठवायचा नाही, स्टेटसला ठेवायचा नाही, बिल्डिंगच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. मी हो म्हटलं. पोर चार दिवसांचं होतं, तेव्हा मी कशालाही हो म्हणत होते.

सुनेचं कारण ऐका. लग्नाआधी तिने आपला एक साधा फोटो फेसबुकवर टाकला होता. तो कुणीतरी उचलला आणि शांती नगरातल्या एका पार्लरच्या बोर्डावर लावला. बरं, लावला तो लावला, खाली लिहिलं 'आधी'. शेजारी भलत्याच कुठल्या मुलीचा फोटो, त्याखाली 'नंतर'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसता हसता मला ठसका लागला. तीही हसली. मग म्हणाली, "आई, बोर्ड उतरेपर्यंत मी त्या रस्त्याने गेले नाही. भाजीसुद्धा दुसरीकडून आणायचे." तेव्हा कुठे माझं हसणं थांबलं.

आता माझी ताई. ती रत्नागिरीकडे, गावाला असते. आई लवकर गेली, मला वाढवलं ते हिनेच. अजूनही रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, मी इकडे भायंदरच्या नवघरला भाजी निवडत असते, ती तिकडे निवडत असते, आणि आमचं चाललेलं असतं. गुडघ्यामुळे तिला बारशाला येता आलं नाही. तिचा फोन बटणांचा, त्यात फोटो दिसत नाही.

"बाय, पोरीचा फोटो पाठव गो," ती म्हणाली. "शेजारणीच्या सुनेच्या मोबाईलवर पाठव, मी जाऊन बघीन."

"ताई, पाठवायचा नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलंन?"

"पोरीच्या आईने."

"म्हणजे मी परकी झाले. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझ्या उवा मी काढल्या, नि तुझी नात बघायला मला पास लागतो."

"तसं नाही गं."

"असू दे. मोठी माणसं तुम्ही, भायंदरची."

फोन ठेवला तो चार दिवस आलाच नाही. मी केला तर उचलेना. संध्याकाळी मेथी निवडून व्हायची, मग कोथिंबीर निवडायची, आणि ती संपली की निवडलेली मेथी परत निवडायची. आई गेल्यापासून आमचा अबोला एवढा कधी लांबला नव्हता.

पाचव्या दिवशी सून बाळाला घेऊन लस टोचायला गेली. घरात मी एकटी. फोटो निवडला, शेजारणीच्या सुनेचा नंबर निवडला, फक्त तो बाण दाबायचा राहिला. आणि मला माझाच एक फोटो आठवला.

मी एकोणीस वर्षांची होते. ताईने मला स्वतःची अबोली साडी नेसवली, स्टुडिओत नेलं, फोटो काढला आणि रायगडातल्या एका स्थळाला पाठवला. नकार आला, फोटो काही आला नाही. ताई एसटीने दोनदा मागायला गेली. "सापडत नाही," म्हणाले. मग माझं लग्न झालं, पोरं झाली, केस पिकले, तरी मधूनच मनात येतं, मी अजून कुणाच्या तरी ट्रंकेत ताईची साडी नेसून बसलेय.

मी फोन पालथा घातला.

सून आल्यावर तिला सगळं सांगितलं, बाणापर्यंतचं. ती म्हणाली, "पाठवला असता तर मला कळलंही नसतं."

"म्हणून तर नाही पाठवला."

मग तिनेच फोनमधून बारशाचा एक फोटो शोधला, सगळे पाळण्याभोवती उभे असलेला, बाळाच्या चेहऱ्यावर मोबाईलमधलं ते हसरं पिवळं तोंड चिकटवलं आणि शेजारणीच्या सुनेला पाठवून दिला. मी मनात म्हटलं, ही आजकालची तीट.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईचा फोन. "बाय, डाक्टर काय म्हणतोय?"

"कसला डॉक्टर?"

"लपवू नको. बघितलं मी. पोर हळदीसारखं पिवळं झालंय. कावीळ झालीय नि तरी हसतंय बिचारं. मी येतेय."

आणि फोन ठेवलान. मी परत लावला, लागेना. खरं सांगते, दोनदाच लावला.

ताई काशिमिऱ्याला एसटीतून उतरली. एका हातात काठी, पिशवीत गावातल्या वैदूने दिलेली काविळीची माळ. घरात शिरल्यावर हातपाय धुतलेन, पोरीला खिडकीपाशी उजेडात धरलंन, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितलंन.

"ही पिवळी कुठाय?"

"मावशी, ते स्टिकर होतं," सून म्हणाली. "टिकलीसारखं वरून लावलेलं."

"एवढी मोठी टिकली?"

मग आम्ही तिघी हसलो ते पोर दचकून रडेपर्यंत. हसणं ओसरल्यावर सुनेने तिला पार्लरच्या बोर्डाचं सांगितलं. ताई हसली नाही. म्हणाली, "बोर्ड उतरवलानी ना? नि फोटो?"

"मावशी, तो असा परत देता येत नाही. कुठेकुठे गेला असेल, काय माहीत."

ताईने माझ्याकडे बघितलं, मी मेथीकडे.

संध्याकाळी गावाहून शेजारणीच्या सुनेचा ताईला फोन आला. बाळ बरं आहे ना, आणि तोंड नीट दिसेल असा एक फोटो पाठवायला सांगा ना, असं तिचं म्हणणं. आता ताई काय बोलते म्हणून मी हातातली जुडी खाली ठेवली.

"फोटो नाय," ताई म्हणाली. "लोकांकडे गेलेला फोटो परत येत नाय, बाय. मी दोनदा जाऊन आलेय. तू ऐक, मी सांगते कशी आहे ती. नाक आमच्या घरातलं, भोकराएवढं. कान तिच्या आईचे, सुटे. रागावली की खालचा ओठ असा पुढे काढते..."

अर्धा तास चाललं होतं. मेथीच्या दोन जुड्या झाल्या, आणि नात अजून हनुवटीपर्यंतच आली होती.